भाजलेलं कुटार

नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात, आणि भासऱ्याशी धाकट्या भावाची बायको थेट बोलत नाही. मला कुणी धाक घातला नव्हता. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूनं एकदा सांगितलं, की ते समोर आले तर पदर डोक्यावर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. सासू गेली. मी पुढे गाडी चालवायला शिकले, बाभुळगावला एकटी बँकेत जाऊ लागले, प्रशिक्षणाला दोन-दोन दिवस यवतमाळात राहून आले. ही एक गोष्ट मात्र तशीच राहिली. भासऱ्यांना काही सांगायचं असलं तर मी थोरल्या जावेला सांगायची, नाहीतर नवऱ्याला. त्यांचंही तसंच. अंगणात उभे राहून ते भिंतीला सांगायचे, की विहिरीवरची मोटर कुणीतरी बंद करा, आणि मी जाऊन बंद करायची. यात अपमान आहे असं मला कधी वाटलं नाही. सवय होती.

आमचं गाव बाभुळगाव आणि कळंबच्या मधलं. घरच्या वावराच्या कडेला, भासऱ्यांच्या गोठ्याला लागून, आम्ही नवराबायकोनं ब्रिकेटचं मशीन बसवलं होतं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, बारीक करायच्या, मशीनमध्ये दाबायच्या, आणि बाहेर मनगटाएवढे जाड गट्टे पडायचे. ते यवतमाळच्या एका तेलमिलच्या बॉयलरला जायचे. पऱ्हाटी चांगली जळते. पण ती सगळ्यांनाच हवी असते, चुलीलाही आणि आमच्यासारख्या मशीनवाल्यांनाही, आणि उन्हाळा संपायच्या आत ती संपते. मग आमची नजर सोयाबीनच्या कुटाराकडे, म्हणजे मळणीनंतर उरणाऱ्या भुशाकडे गेली. मळणी झाली की कुटाराचे ढीग वावरात पडून असतात. थोडं जनावरं खातात, बाकीचं लोक काडी लावून मोकळे होतात. फुकट मिळणारा माल, आम्ही खुश झालो.

पहिली गाडी मिलमध्ये गेली आणि चौथ्या दिवशी माझा नवरा एक जड पोतं घेऊन परत आला. बॉयलरवाल्यानं ते त्याच्या गाडीत टाकून दिलं होतं आणि म्हणाला होता, हे तुमचं आहे, घरी न्या. पोत्यात खंगर होता. वीटभट्टीत जास्त भाजलेल्या विटा वितळून एकमेकींना चिकटतात, तसे राखेचे दगड. भट्टीच्या जाळीवर ते धरले होते, हवा बंद झाली होती आणि बॉयलर थंड करून सब्बलीनं फोडावे लागले होते. मी एक दगड हातोडीनं फोडून पाहिला. आतून तो बाटलीच्या काचेसारखा हिरवट चमकत होता.

मालकानं निरोप पाठवला होता, की आणखी एकदाच कुटाराचा माल तपासून पाहू. पुन्हा खंगर धरला तर तुमची कुठलीच गाडी नको, पऱ्हाटीचीसुद्धा.

प्रशिक्षणात शिकवायला आलेल्या एका बाईंना मी फोन केला. त्यांनी समजावून सांगितलं, की कुटारात जमिनीतून आलेले क्षार असतात, पोटॅश जास्त. तापलं की तेच क्षार वितळतात आणि राखेला घट्ट धरतात. कुटार पाण्यात भिजवलं तर बरेचसे क्षार पाण्यात निघून जातात. आणि धुऊन वाळवलेलं कुटार बंद भांड्यात, हवा न लागू देता भाजलं, तर त्यातला ओलावा आणि धूर निघून जातो, ते ठिसूळ होतं, पाणी धरत नाही आणि जळताना जास्त ताव देतं. भाजताना मात्र सांभाळा, म्हणाल्या. एका मर्यादेच्या पुढे गेलं की खालचा जाळ काढून घेतला तरी ते आपलं आपण तापत जातं. आणि गरम असताना हवा लागली तर पेटतं.

हे शेवटचं वाक्य मी नवऱ्याला सांगितलं, पुढे भाजायचा ड्रम बनवून देणाऱ्या मिस्त्रीला सांगितलं. भासऱ्यांना सांगायला जावेला सांगितलं. तिनं ते किती सांगितलं, माहीत नाही.

धुण्याचं काम थंडीत झालं. विहिरीजवळ सिमेंटचं टाकं होतं, त्यात कुटार बुडवायचं, वरून दगड ठेवायचे, दुसऱ्या दिवशी काढून उन्हात पसरायचं. टाक्यातलं पाणी कडक चहासारखं व्हायचं. ते मी लिंबाच्या झाडांना सोडलं. भासऱ्यांनी भिंतीला सांगितलं, की असलं पाणी माझ्या गव्हात येता कामा नये. आलं नाही.

भाजायचा ड्रम कळंबच्या एका मिस्त्रीनं बनवला. तो वेल्डिंगचं दुकान चालवायचा, बापापासूनचं. पन्नाशीचा, डाव्या कानानं कमी ऐकणारा, पाचही वक्तांची नमाज न चुकवणारा माणूस. मला भाभी म्हणायचा. भंगारातली एक जुनी टाकी आणून त्यानं आडवी बसवली, खाली भट्टी बांधली, मोटर आणि चेन लावून ती हळूहळू फिरती केली. एका टोकाला बोल्टांनी आवळलेलं झाकण. दुसऱ्या टोकातून धुराचा पाइप निघायचा आणि वळून भट्टीच्या तोंडाशी यायचा, म्हणजे आतून निघालेला धूर खालीच जळून जाईल. वर एक काट्याचं घड्याळ, आतलं तापमान दाखवणारं. काट्याच्या एका जागी त्यानं लाल रंगाचा ठिपका दिला आणि मला म्हणाला, याच्यापुढे काटा जाऊ द्यायचा नाही. लाईन गेली तर ड्रम हातानं फिरवायला एक लोखंडी दांडाही करून दिला.

दोन वेळा सगळं नीट झालं. कुटार भाजताना आधी फुटाण्यासारखा वास यायचा, मग डोळ्यांना झोंबणारा. थंड झाल्यावर झाकण उघडलं की आत कॉफीच्या रंगाचं, बोटांत चुरणारं कुटार. मिस्त्री मुठीत घेऊन वास घ्यायचा आणि हसायचा.

तिसऱ्या वेळची गोष्ट सांगायची आहे. वैशाखाची दुपार होती आणि वारा सुटला होता. माझा नवरा पऱ्हाटीचा माल घेऊन यवतमाळला गेला होता. शेडमध्ये मी होते आणि मिस्त्री. गोठ्यात भासऱ्यांची जनावरं सावलीला बांधलेली, आणि गोठ्याच्या छपरावर तुराट्या, तुरीच्या काड्या, रचलेल्या, वाळून कडकडीत झालेल्या.

काटा ठिपक्याच्या जवळ आला होता आणि आम्ही खालचा जाळ कमी करायला घेतला होता, तेवढ्यात लाईन गेली. ड्रम थांबला. मिस्त्रीनं दांडा लावला आणि फिरवू लागला. तो थकला की मी, मी थकले की तो. मधल्या वेळात मी फावड्यानं भट्टीतले निखारे बाहेर ओढले आणि त्यांवर माती टाकली. भट्टी रिकामी झाली. आता काटा उतरायला हवा होता.

तो उतरला नाही. ठिपक्यावर थोडा वेळ थांबला आणि हळूच पुढे सरकला.

बाईंनी फोनवर सांगितलं होतं तेच चाललं होतं. कुटार आता आपलं आपण तापत होतं. मी मिस्त्रीला सांगितलं. त्यानं मान हलवली आणि दांडा जोरानं फिरवू लागला. त्याचा सदरा घामानं भिजून अंगाला चिकटला होता. मग तो पाइपच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "भाभी, धूर कम झाला. बुझून राह्यलं."

मी बघितलं. खरंच, मघाशी पाइपातून दाट पिवळा धूर येत होता, तो आता बारीक झाला होता. मलाही क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग घड्याळाकडे पाहिलं. काटा वरच जात होता. आत तापतंय, आणि बाहेर धूर कमी येतोय. 

"बुझत नाही," मी म्हटलं. "पाइप चोकला."

कुटार भाजताना धुरातून डांबरासारखा चिकट रस निघतो. पाइपच्या वळणावर तो साठून घट्ट झाला असणार. म्हणजे आतला धूर आतच कोंडत होता. एवढ्यात ड्रमचा पत्रा वाजला. भांडं तापल्यावर वाजतं तसा, पण खोल आवाज. मिस्त्रीला तो डाव्या कानानं ऐकू आला नसेल, पण दांड्यातून हाताला कळला. त्यानं दांडा सोडला, माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीला टेकवलेली लांब सळई उचलली.

पाइपचं वळण डोक्याच्या वर होतं. तो बाजूच्या उपड्या पिंपावर चढला. वळणाजवळ साफ करायला एक लहान बोल्ट ठेवलेला होता, तो पान्यानं सैल करायचा आणि तिथून सळई घालायची. पत्रा एवढा तापला होता की त्यानं गमछा पाण्यात भिजवून हाताला गुंडाळला. मी दांडा धरला आणि फिरवत राहिले, कारण ड्रम थांबला तर एकाच जागी जास्त तापणार होतं.

त्याच वेळी भासरे आले. वाऱ्यानं वास गोठ्यात गेला होता आणि बैल ओढ घेऊ लागले होते. त्यांच्या मागे पाण्याची घागर घेऊन जाऊ, आणि तिच्या मागे शेजारच्या वावरातली दोघं-तिघं माणसं. भासऱ्यांनी एका नजरेत सगळं पाहिलं. भट्टी विझलेली, ड्रम वाजतोय, मिस्त्री पिंपावर. त्यांच्या हातात मोठा पाना होता, ट्रॅक्टरचा. ते सरळ झाकणाकडे गेले. जावेला म्हणाले, पाणी आण, झाकण काढतो, आत ओतून टाकू, विझून जाईल.

कुणालाही तसंच वाटलं असतं. आग लागली की पाणी टाकायचं. पण ते झाकण उघडलं असतं तर कोंडलेला धूर आणि तापलेलं कुटार, दोन्हींना एकदम हवा मिळाली असती. झाकणासमोर ते स्वतः उभे होते. त्यांच्या मागे जाऊ. त्यांच्या मागे तुराट्या.

मी जावेला हाक मारली. माझ्या तोंडून तेच निघालं, आधी तिलाच हाक. वाऱ्यात आणि दांड्याच्या आवाजात तिला ऐकूच गेली नाही. भासऱ्यांनी पहिल्या बोल्टाला पाना लावला होता.

दांडा सोडून मी धावले आणि त्यांच्या आणि झाकणाच्या मधे उभी राहिले. पदर कुठे होता मला ठाऊक नाही.

"त्या झाकणाले हात लावू नका."

ते थबकले. मला वाटतं, माझ्या शब्दांपेक्षा माझा आवाज ऐकून थबकले. एवढ्या वर्षांत त्यांनी तो स्वतःकडे येताना कधी ऐकलाच नव्हता. त्यांनी माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहत विचारलं, "काहून?"

"हवा गेली की भडका होईन. तुमच्या तोंडावर येईन."

"अन् गोठा जळला तर?"

"गोठा वाचवाचा असन तर जनावरं सोडा पयले. मंग तुराट्या ओल्या करा. झाकण राहू द्या."

पाना अजून बोल्टावरच होता. माझ्या पाठीला झाकणाची धग लागत होती, ब्लाउजातून. मी हललेच नाही, हलायचं कुठे तेही सुचत नव्हतं. त्यांच्या हनुवटीवरचे पांढरे खुंट, घामानं चिकटलेली कुटाराची काडी, एवढंच मला दिसत होतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. थोडाच गेला असणार, कारण मिस्त्रीचा बोल्ट अजून सैल होत होता.

त्यांनी पाना खाली घेतला. वळले आणि गोठ्याकडे गेले. जाता जाता त्या माणसांना ओरडून बैल सोडायला सांगितलं. जाऊ घागर घेऊन तिथेच उभी होती, माझ्याकडे बघत. मी तिला पोती भिजवायला सांगितलं. ती हलली.

मी दांड्याकडे पोचते न पोचते तोच वर फट्‌ असा आवाज झाला. मिस्त्रीची सळई वळणातून आरपार गेली होती. पाइपच्या तोंडातून काळा गोळा बाहेर पडला आणि मागून धुराचा झोत आला, जमिनीवर मातीखाली धुमसत राहिलेल्या निखाऱ्यांना लागून पेटला. भट्टीच्या तोंडासमोर माणसाच्या उंचीची ज्वाळा झाली. थोडा झोत वर सळईच्या भोकातूनही निघाला. मिस्त्री पिंपावरून खाली पडला, उठला, हाताचा जळता गमछा झटकून टाकला. ओरडला नाही. "दांडा," एवढंच म्हणाला, आणि स्वतः दुसऱ्या हातानं फिरवायला लागला.

ज्वाळा जळत राहिली. ती जळत होती म्हणजे धूर बाहेर येत होता, हे मला कळत होतं. जाऊ आणि मी ओली पोती ड्रमवर टाकत राहिलो. टाकलं की वाफ व्हायची, वाळलं की उचलून पुन्हा बुडवायचं. गोठ्याच्या छपरावर चढून भासरे तुराट्यांवर पाणी मारत होते. लाईन नव्हती म्हणून पाणी विहिरीतून बादलीनं ओढून येत होतं. 

काटा पुढे जायचा थांबला. लगेच उतरला नाही, नुसता थांबला. मी त्याच्यावरून नजर काढली तर तो पुन्हा सरकेल असं मला वाटत होतं. मग ज्वाळा लहान झाली, निळसर झाली, आणि काटा एक बारीक रेघ मागे आला. जावेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला कळलं की मी मोठ्यानं रडत होते.

ड्रम त्या दिवशी उघडलाच नाही. जमलेल्यांपैकी एकजण पुन्हा पुन्हा म्हणत होता, की उघडून पाहून तरी घ्या, आत काय राह्यलं. त्याला भासऱ्यांनी गप्प केलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, उघडाचा नाही म्हणते ते, तर उघडाचा नाही.

मिस्त्रीचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. नवरा परत आला तसा त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. जाताना मिस्त्री मला सांगत होता, की चूक पाइपच्या वळणाची आहे, वळण नकोच होतं, सरळ काढायला पाहिजे होता. मी त्याला म्हटलं, आता बोलू नका. पण तो गाडीत बसेपर्यंत वळणाबद्दलच बोलत होता. पुढे कितीतरी दिवस त्याच्या घरी डबा घेऊन जाताना मला त्याच्या बायकोच्या नजरेला नजर देववत नसे.  तिनं एकदा फक्त विचारलं, की आता ते बंद करणार ना.

दुसऱ्या दिवशी ड्रम उघडला तेव्हा एका बाजूचं कुटार कोळसा होऊन भुगा झालं होतं, बाकीचं बरं होतं. बरं होतं ते नुसतं धुतलेल्या कुटारात मिसळून दाबलं, कारण एकटं भाजलेलं कुटार मशीनमध्ये नीट धरत नाही, गट्टे तुटतात. तेलमिलच्या शेवटच्या तपासणीला तोच माल गेला, आणि त्याच्यासोबत मीही गेले. बॉयलरजवळ मला बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली. मी बसले नाही. पाळी संपत आली तेव्हा बॉयलरवाल्यानं भट्टीचं दार उघडलं आणि लांब आकडा जाळीवरून फिरवला. खंगर असला की आकडा अडतो, दगडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो. मी तो आवाज ऐकायला उभी होते. आकडा एका कोपऱ्यात किंचित अडला. त्यानं जोर दिला. पापुद्र्यासारखं काहीतरी सुटलं आणि राख खाली पडली, पिठासारखी. त्यानं पुन्हा आकडा फिरवला, आरपार. दार लावलं आणि मला म्हणाला, माल पाठवा.

आम्ही भाजणं बंद केलं. नुसतं धुतलेल्या कुटारानंही खंगर बराच कमी होतो, हे पुढच्या गाड्यांत कळलं, आणि नवरा म्हणाला की एवढ्यावर भागतं. मलाही तेच हवं होतं. मिस्त्रीला मात्र चैन नव्हतं. हात बरा झाल्यावर तो आला, ड्रमभोवती फिरला, आणि म्हणाला की दोन पाइप लावतो, सरळ, आणि वर वजनाचं झाकण बसवतो, आत दाब वाढला की ते आपोआप उचललं जाईल. मी नाही म्हटलं. तो दर महिन्याला येऊन तेच म्हणायचा, मी दर महिन्याला नाही म्हणायची.

घरात वेगळंच झालं. त्या दिवसानंतर भासरे आठवडाभर भिंतीशीही बोलले नाहीत. मी समोर आले की तेच बाजूला व्हायचे. माझ्याकडून काहीतरी मोडलं आहे असं मला वाटत राहिलं, आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं याचं आणखी वाईट वाटायचं. मग एका सकाळी मी टाक्यावर असताना ते आले, थोडे लांब उभे राहिले आणि टाक्याकडे बघून, पण मलाच, म्हणाले, "त्या मिस्त्रीले म्हणा, नाल्याच्या पलीकडं जागा आहे. गोठ्यापासून लांब. करू दे त्याले."

मी "बरं" म्हटलं. ते गेले.

जावेला हे मी सांगितलं. तीन-चार दिवस तिनं माझ्याशी अबोला धरला. भाकरी वेगळ्या थापल्या. मला कारण कळेना. शेवटी मीच विचारलं तेव्हा ती चुलीत फुंकणी मारता मारता म्हणाली, "आता तुमचं तुम्ही बोलता. मले कोन विचारते?" मी हसले, पण ती हसत नव्हती. इतकी वर्षं या घरातलं अर्धं बोलणं तिच्या तोंडून गेलं होतं. काय सांगायचं, किती सांगायचं, कधी सांगायचं हे ती ठरवायची, आणि कित्येक भांडणं तिनं मधल्यामधे जिरवली होती. मला त्याचा कधी विचारच आला नव्हता.

पुढच्या महिन्यात मिस्त्री आला तेव्हा मी नाही म्हटलं नाही, आणि नवा ड्रम नाल्यापलीकडे उभा राहिला, दोन सरळ पाइपांचा. पहिल्यांदा पेटवला त्या दिवशी मिस्त्री बाह्या खाली ओढून आला होता, हातावरचे चट्टे दिसू नयेत म्हणून. भासरे नाल्याच्या अलीकडेच थांबले. जाऊ मात्र पाणी ओलांडून आली, लुगडं खोचून, आणि ओल्या पोत्यांच्या ढिगाशेजारी उभी राहिली. मी तिला जवळ बोलावलं नाही. थोड्या वेळानं तीच पुढे सरकली आणि मिस्त्रीला विचारू लागली, की झाकण उचललं की काय कराचं असते. मिस्त्रीनं तिच्याकडे उजवा कान केला आणि सुरुवातीपासून सांगायला घेतलं.